मोठ्याने वाचलेला मेसेज

३ ऑक्टोबर

आज हिचा मेसेज आला. लेकीने लिहिलेला नाही, नातीने लिहिलेला नाही — हिने, माझ्या बायकोने, स्वतःच्या बोटाने. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, हिने मला एक ओळ लिहिली नव्हती. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना काय लिहिणार? पण लेकीचा पाय मोडला, ही दोन महिन्यांपूर्वी तिच्याकडे गेली, पाय जुळला, आणि बाईसाहेब तिथे बसून टाइप करायला शिकल्या.

मेसेज असा —

“अहो कसे आहात. इथे खिडकीतून समोरची भिंत दिसते. तुमच्या हातोडीचा आवाज नाही म्हणून सकाळी जागच येत नाही. दूध तापत ठेवून बाहेर जाऊ नका. निळा स्वेटर खालच्या खणात आहे वरच्या नाही. मी बरी आहे. मी.”

शेवटी ‘मी’. जसं काही मला शंका येणार होती की हे शेजारणीने लिहिलंय.

आणि हातोडीचा आवाज म्हणे. मी दगडावर अक्षरं कोरतो — दारावरच्या पाट्या, कोनशिला, गेलेल्या माणसांची नावं. दुकान घराच्या बरोबर खाली. चाळीस वर्षं ही वरून ओरडायची, बंद करा ती ठकठक, डोकं उठलंय. आता तीच ठकठक नाही म्हणून जाग येत नाही. बायकांचं काही खरं नाही.

अकराला दाढीला गेलो तिथे वाचून दाखवला. न्हाव्याच्या दुकानात चारपाच जण होते, आमच्या इमारतीतले मास्तरही होते. हिच्या आवाजात वाचला, मला तो चांगला जमतो. “तुमच्या हाऽतोडीचा आवाज नाही” म्हटल्यावर न्हाव्याला वस्तरा खाली ठेवावा लागला. “मी बरी आहे. मी.” म्हटल्यावर बाकावरचा एक जण खोकत बाहेरच गेला. बऱ्याच दिवसांनी माझ्यामुळे कुणी हसलं. बरं वाटलं.

उत्तर लिहीन सावकाश. घाई काय आहे. अठ्ठावीसचं परतीचं तिकीट आहे तिचं.

४ ऑक्टोबर

जिन्यात तिघं माझ्याकडे बघून हसले. एरवी मान वळवणारी माणसं. दाढी चांगली झाली असावी.

६ ऑक्टोबर

मास्तर म्हणाले, याला इन्स्टंट मेसेजिंग म्हणतात. म्हणजे तत्क्षणी संदेशवहन. मास्तर शाळेतून निवृत्त झाले पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. सोपं काही सांगताच येत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत, तरी मला कळलं ते असं. पूर्वी निरोप घेऊन माणूस यायचा. दारात उभा राहून आधी दम घ्यायचा. तो दम घेईपर्यंत आपल्याला त्याच्या तोंडावरून कळायचं की बातमी बरी आहे की वाईट. तेवढ्यात आपणही खाली बसून घ्यायचो. आताच्या निरोपाला दम लागत नाही. फोन थरथरतो — कुणी गेलं तरी तेवढाच, मास्तरांचा गुलाब आला तरी तेवढाच.

गुलाबाचं सांगायचं म्हणजे, इमारतीचा एक गट आहे फोनवर. त्यात मास्तर रोज सकाळी सहाला गुलाब टाकायचे. त्याखाली साठ घरांतून साठ गुलाब. पाण्याची टाकी फुटली त्या दिवशीसुद्धा आधी गुलाब, मग टाकी. मी उन्हाळ्यातच बाहेर पडलो. ही राहिली. हिला सगळ्यांच्या खबरा लागतात.

७ ऑक्टोबर

टायरवाल्याचे वडील गेले. त्यांच्या नावाचा दगड करायचाय. मजकूर मेसेजवर पाठवला. नाव, दोन तारखा, खाली “सदैव आमच्या सोबत”, आणि त्याच्यापुढे एक पिवळं तोंड, दात काढून हसणारं.

मी विचारायला गेलो, हे काय कोरायचं?

“राहू द्या काका, बाबा हसरे होते.”

मी त्याच्या वडिलांना ओळखत होतो. हसताना कुणी बघितलं नाही. टायरला ठोकर लागली तरी शिव्या टायरलाच द्यायचे. मी म्हटलं, दगडावर पिवळा रंग टिकत नाही. तेव्हा कुठे ऐकलं.

लेकीचा मेसेज: “बाबा, तुम्हीही इकडे या. दोघं इथेच राहा. जागा आहे.” जागा आहे म्हणते. दगड कुठे ठेवू — तिच्या सोफ्यावर? उत्तर दिलं नाही. अठ्ठावीसला ही आली की विषय आपोआप मिटेल.

८ ऑक्टोबर

टायरवाल्याचा दगड अर्धा झाला होता. मजकुरात सतरा तारीख होती, सतरा कोरली. आज येऊन म्हणतो, सोळा पाहिजे.

“तुम्हीच सतरा लिहिलीत.”

“मी सोळाच लिहिली होती काका. बघा ना फोन.”

फोन उघडला. मजकूर नाही. त्या जागी एक फिकट ओळ — हा मेसेज हटवण्यात आला आहे. खाली नवा मेसेज, सोळा तारखेचा. हा माणूस माझ्यासमोर उभा, आणि याने माझ्या खिशातल्या फोनातून स्वतःचे शब्द उचलून नेले. पोस्टमनने दुपारी पत्र टाकावं आणि संध्याकाळी घरात शिरून टेबलावरून ते परत न्यावं, तसं. वर तोंड साळसूद.

दगडाला ती सोय नाही. नवा दगड घेतला. सोळाचा.

९ ऑक्टोबर

हिचा मेसेज आला. मी हात धुऊन येईपर्यंत — हा मेसेज हटवण्यात आला आहे.

१० ऑक्टोबर

काय असेल त्यात?

टायरवाला हटवतो ते समजतं, त्याला तारीख झाकायची होती. हिला काय झाकायचंय? काल दुपारपासून हेच चाललंय डोक्यात. पहिलं मनात आलं ते तब्येत. पडली असेल. लेकीच्या घरी न्हाणीघरात गुळगुळीत फरशी आहे, मी तेव्हाच सांगितलं होतं. लिहिलं असेल, मग वाटलं असेल, म्हातारा घाबरेल. दुसरं म्हणजे माझ्याबद्दल काही ऐकलं असेल. मी परवा दूध तापत ठेवून खरंच खाली गेलो होतो. भांडं काळं झालं, ते खिडकीबाहेर ठेवलंय. कुणी बघून कळवलं का? तिसरं लिहवत नाही. तिसरं म्हणजे, तिने लिहिलं असेल, मी येत नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. वैऱ्याला एवढा वेळही नसतो.

मास्तरांना विचारलं, हटवलेला मेसेज वाचायची काही युक्ती? ते बराच वेळ कान खाजवत बसले. “नाही हो. चुकून गेला असेल. काही नसेल त्यात.” आणि लगेच निघाले. एरवी एका प्रश्नाला अर्धा तास उत्तर देणारा माणूस.

१२ ऑक्टोबर

फोन करून विचारावं तर कान नाहीत. दगडाने खाल्ले. समोरचा माणूस दिसला तर ओठांवरून कळतं, फोनवर नुसता भुंगा. दर रविवारी लेक फोन टेबलावर ठेवते, सगळे भोवती बसतात, आणि ही ओरडते — जेवलात का, औषध घेतलं का. मी ओरडतो — हो, हो. जावई मधेच म्हणतात, बाबांची तब्येत छान दिसते. दिसते कुठून, देव जाणे, चित्र तर त्यांच्याकडे नेहमी माझ्या छताचं जातं.

तेव्हा लिहायचंच.

माझी एक रीत आहे. दगडावर आधी खडूने लिहायचं. लांबून बघायचं. पुसायचं. परत लिहायचं. मन भरेपर्यंत पुसायचं आणि मगच छिन्नी लावायची. खडूला कोण विचारतो? तीच रीत फोनवर चालवतोय. रोज दहाला खाली दुकानात बसतो, चौकटीत लिहितो, बघतो, पुसतो.

आज लिहिलं: “तू काय पाठवलं होतंस?” फार अधीर वाटतं. पुसलं.

“मेसेज मिळाला नाही.” खोटं आहे. पुसलं.

“स्वेटर सापडला.” हे बरं होतं. पण स्वेटर सापडला हे सांगायला नऊ दिवस लागले का, असं विचारेल. पुसलं.

“हटवायचा होता तर पाठवला कशाला? मी काय टायरवाला आहे?” हे लिहून फार बरं वाटलं. पुसलं.

अकरा वाजले. खडू खाली ठेवला.

१४ ऑक्टोबर

परत तेच. आला आणि गेला. या वेळी फोन हातातच होता, चष्मा नव्हता. “अहो” एवढं दिसलं. बाकी धूसर. चष्मा लावेपर्यंत फिकट ओळ.

“अहो” होतं, एवढं नक्की.

१५ ऑक्टोबर

रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो. औषधांच्या दुकानात रांग होती म्हणून तिथेच बाकावर बसून खडूचं काम करत होतो. औषधवालीने काउंटरवरून बघितलं.

“आजोबा, केव्हापासून लिहिताय. समोरच्याला दिसत असेल ना.”

“पाठवलेलं नाही अजून.”

“काय लिहिताय ते नाही दिसत. लिहिताय हे दिसतं. ‘टाइप करत आहे’ असं येतं तिकडे.”

मी म्हटलं, नाही येत. तिने स्वतःचा फोन काढला, मला काहीतरी लिहायला लावलं, आणि दाखवलं. येतं. माझं बोट हललं की तिथे कळतं. थांबलं की थांबतं.

गोळ्या काउंटरवर विसरून आलो. अर्ध्या वाटेतून परत गेलो.

म्हणजे रोज दहा ते अकरा हिला दिसत होतं. मी लिहितोय, थांबतोय, लिहितोय. आणि शेवटी काहीच नाही. असं रोज. मी भिंतीमागे बसलोय समजत होतो आणि भिंत काचेची. हे यंत्र करणाऱ्या माणसाला कुणी कधी काही पुसताना बघितलं नसेल. नाहीतर एवढा निर्लज्जपणा सुचला नसता.

१६ ऑक्टोबर

आज चौकटीला हात लावला नाही. तर आता तिला वाटेल, लिहिणंही सोडलं. कसंही केलं तरी फसलोच.

१७ ऑक्टोबर

वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. हातात पिशव्या. बाजूला होऊन म्हणाल्या, “काय भाऊजी, नवीन काही आलं की नाही? आम्हालाही वाचून दाखवा की एखादं.”

“काय वाचून दाखवू?”

“आता कशाला वेड पांघरता. सगळी इमारत हसली.”

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा चेहराच बदलला. “अगंबाई. तुम्हाला माहीतच नाही? तुम्ही गटात नाही का?”

फोन काढून दाखवला. मी आहे त्यात. न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, एका गालाला फेस, हातात फोन लांब धरलेला. नाकातून बोलतोय. हात कसेही उडवतोय. आवाज मला नीट ऐकू आला नाही, पण ओठ वाचता येतात. स्वतःचेसुद्धा. हाऽतोडीचा. मी बरी आहे. मी. मास्तरांनी मांडीवर फोन धरून व्हिडिओ घेतलाय, मागे आरशात तेही दिसतात. वर लिहिलंय — आजचा विनोद. खाली पिवळी तोंडं, हसून रडणारी. मोजली नाहीत. खूप होती.

त्या तोंडांच्या मधे एक फिकट ओळ. हिचा नंबर, आणि पुढे — गटातून बाहेर पडल्या. वेळ अकरा चाळीस.

मी अकराला वाचला. लेकीच्या गावाला जायला गाडीने रात्रभर लागते. माझं नाकातून बोलणं चाळीस मिनिटांत तिथे पोचलं होतं. माझ्या दुसऱ्या गालाची दाढी तेव्हा जेमतेम झाली असेल.

वहिनी म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, तुम्हीच टाकायला सांगितलंत.” मग पिशव्या उचलल्या. “हसलो खरं आम्ही. मीपण हसले. पण भाऊजी, बाईने पहिल्यांदा लिहिलेलं असं चव्हाट्यावर नसतं हो आणायचं.”

१८ ऑक्टोबर

मास्तरांकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं. बनियनवर होते, हातात फोन.

मी म्हटलं, लाज नाही वाटली?

“मी काय केलं? वाचलं तुम्ही. आवाज तुम्ही काढलात. मी नुसता फोन धरला होता.”

“मला विचारलं नाहीत.”

“तुम्ही तुमच्या बायकोला विचारलं होतं?”

मास्तरांना आयुष्यात एकच वाक्य सोपं सांगता आलं. ते नेमकं हे.

१९ ऑक्टोबर

लेकीला मेसेज केला. न पुसता. आईने मला काय पाठवलं होतं आणि हटवलं, विचारलं. तिचं उत्तर लगेच आलं —

“मला दाखवत नाही ती. पण बाबा, रोज सकाळी दहाला आई फोन समोर ठेवून बसायची. तुमचं टाइप होतंय असं दिसायचं, मग काही यायचंच नाही. ती म्हणायची, तिकडे लोक जमवून लिहितायत, आता पुढचा विनोद येईल. स्वतः लिहायची, पाठवायची, आणि लगेच काढून टाकायची. म्हणाली, वाचून दाखवतील.”

जरा वेळाने दुसरा: “तिकीट रद्द कर म्हणाली होती. मी अजून केलेलं नाही. तुमचं तुम्ही बघा.”

दुकान उघडं ठेवून तिथेच बसलो. गिऱ्हाईक आलं, पाटीचा भाव विचारला, मी नाही म्हटलं. कशाला नाही म्हटलं माहीत नाही.

आठवतंय ते लिहितो. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हिने सामानाची यादी केली होती. मला वाण्याकडे द्यायला. मी ती दुकानात बसून खडूने दगडावर उतरवली, तिच्या अक्षरात, वेडीवाकडी, आणि मालकाला दाखवली. मालक हसले. तेव्हा मी हाताखाली काम करत होतो, मालक हसले की मला बरं वाटायचं. ही जेवणाचा डबा घेऊन आली होती. दारातून बघितलं. त्यानंतर यादी नेहमी तोंडी. मला वाटत होतं, हिला सगळं पाठ राहतं.

२० ऑक्टोबर

उपाय सापडला. चार लोकांत केलेली चूक चार लोकांतच निस्तरली पाहिजे. नाहीतर तिला पटणार कसं?

न्हाव्याच्या दुकानात गेलो. दाढीला नाही. मास्तरांना बोलावून घेतलं. म्हटलं, धरा फोन, तुम्हाला सवय आहे. खुर्चीत न बसता उभा राहिलो. सदऱ्याची वरची गुंडी लावली. बोललो — मी हिची टवाळी केली, ती करायला नको होती, मी सगळ्यांसमोर माफी मागतो, तिने अठ्ठावीसला यावं. न्हाव्याने मधे पंखा बंद केला, आवाज नीट यावा म्हणून. बाकावरच्या माणसाने टाळी वाजवली.

मास्तरांनी ते गटात टाकलं, ही गटात नाही म्हणून तिला वेगळं पाठवलं. अर्ध्या तासात अंगठेच अंगठे. “काकांना सलाम” असंही कुणीतरी लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हात जोडले. घरी येताना जिना हलका वाटला. आज भूकही लागली.

२१ ऑक्टोबर

लेकीचा मेसेज —

“बाबा, आईने बघितलं. म्हणाली, माफीलाही माणसं जमवली. मग आत जाऊन पडली. तिकीट रद्द करायला परत सांगितलंय. सत्तावीसला दुपारी बारापर्यंत करता येतं. तोवर मी थांबते. त्यानंतर नाही.”

२२ ऑक्टोबर

टायरवाल्याचा दगड बसवून आलो. सोळा तारीख. टायरवाला म्हणाला, काका, आता बहीण म्हणते सतराच बरोबर होती. माणूस गेला हे नक्की आहे ना, तेवढं विचारणार होतो.

मास्तरांचा मला एकट्याला एक गुलाब आला. सहाला नाही, दुपारी तीनला. माफी असावी. हटवला.

२३ ऑक्टोबर

काही सुचत नाही. जे सुचतं ते कुणालातरी ऐकवावंसं वाटतं. ही खोड कळली. पण कळून काय, कळतं ते डोक्याला. जीभ माझी तशीच.

२५ ऑक्टोबर

आज पाठवला.

दहाला नाही, चारला. दुकानाचं दार लावून घेतलं. खडूचं काम केलं नाही. जे आलं ते सरळ लिहिलं आणि सोडून दिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा आखल्याशिवाय छिन्नी लावली. जे गेलं ते असं —

“तू गेल्यापासून मी सकाळी हातोडी मारतो. काम नसलं तरी. फुटक्या दगडावर. मला स्वतःला आवाज येत नाही तुला माहीत आहे. इतकी वर्षं तू वरून ओरडायचीस ते मला ऐकू नाही यायचं पण खिडकी उघडलेली दिसायची. आता खिडकी बंद असते. तुझा मेसेज वाचून मला कसंतरी झालं ते मला कळलं नाही म्हणून मी हसण्यावारी नेला. यादीच्या वेळेला पण तेच. माफी पण लोकांत मागितली तेही चुकलं. हे कुणाला दाखवलं नाही. दाखवणार नाही. स्वेटर सापडला.”

दोनदा वाचायला हवा होता. वाचला असता तर पुसला असता.

हटवायची सोय मलाही आहे, हे पाच वाजता लक्षात आलं. बोट तिथवर नेलं होतं. मग वर घरी जाऊन फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि बाहेर येऊन बसलो.

२६ ऑक्टोबर

सकाळी दोन निळ्या खुणा. म्हणजे वाचला. उत्तर नाही. लिहिते आहे असंही दिसत नाही. मी मात्र तिथेच डोळे लावून बसलोय. आता कळलं, दहा ते अकरा किती लांब असतं.

न्हावी दुकानात डोकावला. “काय काका, आलं का काकूंचं काही?” मी म्हटलं, तुझ्या वस्तऱ्याला धार आहे का ते बघ. बिचारा गेला. त्याची काही चूक नव्हती.

चार वाजता एक क्षण आलं — टाइप करत आहे. मग गेलं. परत आलं. परत गेलं. असं वीस मिनिटं. पाठवलं काहीच नाही.

२७ ऑक्टोबर

साडेअकराला हिचा मेसेज आला. लांब आहे. मी वाट बघितली, तिने हटवला नाही.

शटर ओढून आत बसलो आणि वाचला. मनातल्या मनात. ओठसुद्धा हलू दिले नाहीत. काय लिहिलंय ते इथे लिहिणार नाही. ही वही माझी आहे, मेसेज तिचा आहे.

बाराला तिचं तिकीट रद्द झालं. स्टेशनवर जाऊन माझं काढून आलो, आज संध्याकाळच्या गाडीचं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, परतीचं?

म्हटलं, नको.